घरच्या घरी ड्राफ्ट बिअर : गॅस, गळती आणि फेसाची भानगड

घरी ड्राफ्ट म्हणजे तोटीतून ओतायची बिअर लावायचं कारण विचाराल तर हौस वगैरे नंतर, आधी बाटल्यांचा वैताग. मी बिअर घरीच बनवतो, १९ लिटरच्या एका बॅचला चाळीसेक बाटल्या लागतात, त्या घासा, सॅनिटाइज करा, साखर मोजून घाला, बुचं ठोका, मग दोन-तीन आठवडे थांबा आणि एवढं करून तळाला गाळ असतोच, ओतताना हात हलला की ग्लास गढूळ. केगमध्ये, म्हणजे झाकणाच्या स्टीलच्या पिंपात, हे सगळं एकाच भांड्यात उरकतं म्हणून केग. आता सिस्टीम चालू होऊन बऱ्यापैकी काळ झालाय, ओळखीतले दोघं-तिघं विचारत असतात की आम्ही पण लावू का, किती डोकेदुखी आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, फेस आला की प्रत्येकाचा हात थेट रेग्युलेटरच्या (गॅसचा दाब कमी-जास्त करतो तो) नॉबकडे जातो आणि माझं मत आता पक्कं झालंय की बहुतेक वेळा नॉब बिचारा निर्दोष असतो, थंडी कुठेतरी कमी पडत असते. त्यावर पुढे येतोच.

सामान तसं मोजकंच. थंड करायला फ्रिज किंवा डीप फ्रीझर, केग, सीओटूचा म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, त्यावर रेग्युलेटर, रेग्युलेटरपासून केगपर्यंत गॅसची नळी, केगपासून तोटीपर्यंत बिअरची नळी आणि शेवटी तोटी. गॅस बिअरवर वरून दाब देतो, केगच्या आत एक लांब दांडी तळापर्यंत गेलेली असते तिच्यातून बिअर वर चढते, तोटी उघडली की ग्लासात. बस एवढंच. पण यातली प्रत्येक वस्तू दुसरीला बांधलेली आहे, एकीत बदल केला की बाकीच्यांचा हिशोब बिघडतो, आणि हे लावायला घेतल्याशिवाय नीट डोक्यात शिरत नाही.

उभा फ्रिज की आडवा डीप फ्रीझर यावर फार वेळ घालवला नाही, माझ्याकडे आडवा होता तो घेतला. माझा चुलतभाऊ फ्रिज-एसी दुरुस्तीच्या कामात आहे, दादाला फोन लावला तर त्याचा पहिला प्रश्न, "भोकं कुठे पाडणारेस ते आधी सांग." आडव्या फ्रीझरच्या भिंतींत पत्र्यामागे कंडेन्सरच्या नळ्या फिरवलेल्या असतात, त्यात ड्रिल घुसलं की आतला गॅस गेला आणि फ्रीझर भंगारात, वर हल्लीच्या बऱ्याच मशिनमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेट घेणारा गॅस आहे. दादा म्हणाला, "फ्रिज असता तर दारात पाड म्हणालो असतो. फ्रीझरच्या अंगाला हात लावू नकोस, वर लाकडाची चौकट बसव आणि हवी तेवढी भोकं तिच्यात पाड."

तसंच केलं. झाकण बिजागऱ्यांसकट काढलं, फ्रीझरच्या काठावर फळ्यांची चौकट बसवली, तिला आतून इन्सुलेशनची शीट, खालून-वरून रबरी पट्टी, आणि झाकण परत चौकटीवर. होल सॉने दोन भोकं, दोन तोट्या. चौकटीमुळे आत उंची पण मिळते आणि ती लागतेच कारण केग साधारण ६३ ते ६५ सेंटीमीटर उंच, त्यावर कनेक्टर आणि नळ्यांची वळणं. वाईट बाजू एकच, भरलेला केग २३-२४ किलोचा होतो आणि तो आता चौकटीच्याही वरून उचलून आत सोडायचा, तेव्हा दोघं जण असलेले बरे.

डीप फ्रीझर गोठवायला बनवलेला असतो, त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट इथे उपयोगाचा नाही. बाहेरून एक टेम्परेचर कंट्रोलर लावायचा, फ्रीझरचा प्लग त्याच्यात आणि त्याचा प्लग भिंतीत, आत सेन्सर. मी ३ अंशावर ठेवलाय. सेन्सर नुसता हवेत लटकवला तर झाकण उघडलं की हवा लगेच गरम होते आणि कॉम्प्रेसर उगाच चालू-बंद चालू-बंद करत बसतो, म्हणून सेन्सर केगच्या अंगाला टेपने चिकटवून वरून फोमचा तुकडा दाबायचा, म्हणजे तो बिअरचं तापमान वाचेल. कंट्रोलरमध्ये कॉम्प्रेसर डिले असतो, म्हणजे बंद झाल्यावर परत चालू होण्याआधी थांबायची वेळ, तो पाचेक मिनिटं ठेवा. आणि आत ओल साचते, चांगलीच साचते, सिलिका जेलचा डबा टाकून ठेवायचा आणि अधूनमधून तो वाळवायचा.

आता गॅस. मी २.२७ किलोवाला म्हणजे ५ पाउंडाचा सिलिंडर घेतला. सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, त्यामुळे रेग्युलेटरवरचा सिलिंडरचा दाब दाखवणारा मोठा गेज किती गॅस उरलाय ते दाखवतच नाही. आत थेंबभर का होईना द्रव आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो, २० अंशाला ८०० पीएसआयच्या (दाबाचं माप, चौरस इंचाला पाउंड) थोडा वर, आणि सिलिंडर फ्रीझरमध्ये ठेवला की तोच साडेपाचशेपर्यंत उतरतो. नवखा माणूस इथे हमखास घाबरतो, की रात्रीत एवढा गॅस गेला कुठे. कुठेही गेलेला नसतो. काटा खरंच घसरायला लागतो तो द्रव संपल्यावर आणि तेव्हा फार काही उरलेलं नसतं. म्हणून खरं मोजमाप म्हणजे वजनकाटा, सिलिंडरच्या खांद्यावर रिकामं वजन ठोकलेलं असतं ते वजा करायचं. एका १९ लिटरच्या केगला बिअरमध्ये गॅस मुरवायला आणि मग ती बाहेर ढकलायला मिळून सव्वाशे-दीडशे ग्रॅम जातो, तेव्हा गळती नसेल तर सिलिंडर बराच पुरतो. गळती असेल तर एका रात्रीत सगळा जातो.

सिलिंडर कायम उभा आणि बांधलेला. आडवा पडला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ते त्याच्यासाठी बनलेलं नाही. अजून एक, यावर लोक हसतात पण हसू नये. २.२७ किलो द्रवाचा बाहेर आल्यावर १२०० लिटरच्या आसपास गॅस होतो, अडीच मीटर लांब-रुंद-उंच बंद खोलीत तो सगळा सुटला तर हवेत सातेक टक्के सीओटू होईल, आणि ४ टक्क्यांनाच जिवाला धोका मानतात. हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली साचतो. तळघर किंवा बारकी कोठी असेल तर सीओटूचा अलार्म लावा, माझा फ्रीझर खिडकीच्या खोलीत आहे तरी मी लावलाय.

केग मी वापरलेले घेतले, कॉर्नी केग म्हणतात ते, मुळात सॉफ्ट ड्रिंकचं सिरप भरायला बनलेले. त्यात दोन जाती, बॉल लॉक पेप्सीकडे चालायचे आणि पिन लॉक कोका-कोलाकडे, दोन्हीचे कनेक्टर वेगळे, तेव्हा घेताना एकच जात धरा नाहीतर अर्धं सामान अर्ध्याला बसणार नाही. (कारखान्यातून भरून येणाऱ्या केगचं प्रकरण निराळं, त्याला वर कपलर म्हणजे वेगळा जोड लागतो आणि त्याचेही ए, डी, एस, जी असे प्रकार असतात, ब्रुअरीप्रमाणे बदलतात, आधी विचारून मगच कपलर घ्यायचा.) वापरलेला केग उघडला की आत गोड सिरपचा वास दरवळतो, स्टीलला नसतो तो, रबरात मुरलेला असतो. म्हणून सगळ्या ओ-रिंग बदलायच्याच, झाकणाची मोठी, दोन पोस्टच्या (कनेक्टर बसतात ती दोन तोंडं), दोन आतल्या दांड्यांच्या. स्वस्तातलं काम आहे आणि यावर काटकसर करण्यात अर्थ नाही. पोस्ट पान्याने खोलायचे, दांड्या बाहेर काढायच्या, लांब दांडी बिअरची, आखूड गॅसची, आतून बारीक ब्रशने घासायच्या, पॉपेट म्हणजे पोस्टमधल्या स्प्रिंगच्या झडपा धुवायच्या. गॅसच्या पोस्टच्या षटकोनी बुडावर खाचा असतात, बिअरच्या पोस्टवर नसतात. खुणा बघूनच परत बसवा, कारण बॉल लॉकमध्ये गॅसचा करडा कनेक्टर बिअरच्या पोस्टवर जोर लावून बसतो खरा पण निघताना रडवतो. ओ-रिंगवर फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. मग अल्कली क्लीनरने धुणं, खळखळून पाणी, आणि शेवटी फॉस्फरिक ॲसिडवाला सॅनिटायझर, साधारण दीड मिली लिटरमागे, तो परत धुवावा लागत नाही. त्याचा फेस केगमध्ये राहिला तरी चालतो.

इथपर्यंत कुणालाही जमेल. खरा वेळ गेला गळती शोधण्यात.

गळती तपासायची सरधोपट पद्धत म्हणजे सगळं जोडायचं, दाब द्यायचा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. मोठी गळती लगेच सापडते. बारीक गळती अशी सापडत नाही, कारण ती मिनिटाला एखादा बुडबुडा सोडते आणि तेवढा वेळ कुणी डोळे लावून बसत नाही. म्हणून दुसरी परीक्षा घ्यायची. रिकामा केग जोडा, ३० पीएसआय दाब द्या, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि रात्रभर सोडा. आता नळ्यांमध्ये अडकलेला गॅस तेवढाच आहे, थोडी जरी गळती असेल तर सकाळपर्यंत काटे खाली येतात. ही परीक्षा केग रिकामा असताना आणि सगळं एकाच तापमानाला असतानाच घ्यायची, कारण केगमध्ये बिअर असेल तर ती स्वतःच गॅस पिते आणि काटा उतरतो, आणि बाहेरचा सिलिंडर आत ठेवला तर थंडीने उतरतो, दोन्ही वेळा तुम्ही नसलेली गळती शोधत बसणार.

माझ्याकडे सकाळी काटा शून्याला टेकलेला. मग एकेक भाग वेगळा करत गेलो. आधी केग काढून नुसता रेग्युलेटर आणि नळी, काटा जागचा हलला नाही. म्हणजे रेग्युलेटर आणि सिलिंडरच्या मधलं वायसर ठीक, नळीचे क्लॅम्प ठीक. मग एक केग जोडला, ठीक. दुसरा जोडला आणि दोनेक तासांत काटा खाली. साबणाचं पाणी पोस्टवर लावलं, काही नाही. झाकणावरच्या दाब सोडायच्या रिलीफ व्हॉल्व्हवर, काही नाही. झाकणाच्या कडेला गोल लावत गेलो आणि कडीच्या उजव्या पायाजवळ अगदी मोहरीएवढा फुगा, फुगतोय, थांबतोय, फुटतोय, परत फुगतोय. कान लावला तर आवाज काहीच नाही. जुन्या केगचं झाकण एका बाजूला किंचित वाकलेलं, नवी ओ-रिंग असूनही तिथे नीट दाबली जात नव्हती. त्यावर उपाय दोन, जरा जाड आणि मऊ सिलिकॉनची ओ-रिंग घाला, आणि केग बंद करताना सुरुवातीला २५-३० पीएसआयचा एक झटका द्या म्हणजे झाकण आतून वर रेटलं जाऊन बसतं, मग दाब खाली आणा. कमी दाबावर हळूहळू भरत गेलं तर ही झाकणं बसतच नाहीत. झाकण फिरवून बसवलं, मऊ रिंग घातली, झटका दिला, दुसऱ्या सकाळी काटा जिथल्या तिथे.

बिअर भरली, आता गॅस मुरवायचा. बिअरमध्ये किती गॅस विरघळेल ते दोनच गोष्टींवर ठरतं, दाब आणि तापमान. मोजतात व्हॉल्यूममध्ये, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये किती लिटर गॅस. साध्या लागर किंवा पेल एलला २.४ ते २.६, गव्हाच्या बिअरला ३ च्या वर, जुन्या इंग्लिश पद्धतीच्या एलला दीड-दोन. ३ ते ४ अंशांना १२ पीएसआय ठेवला की अडीच व्हॉल्यूमच्या आसपास येतं. तीच बिअर ८ अंशांवर ठेवली तर तेवढ्याच गॅससाठी १६ च्या आसपास लागतो. हा आकडा लक्षात राहू द्या, फेसाच्या वेळी कामाला येईल.

घाई असेल तर ३० पीएसआयला एक दिवसभर ठेवून मग १२ वर आणतात, केग लोळवतात, हलवतात. मी १२ वर लावून सरळ सोडून दिला, असं केलं तर आठवडा-दोन आठवडे लागतात पण गॅस जास्त मुरायचा प्रश्नच येत नाही. जास्त मुरला तर तो काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं, गॅसचा कनेक्टर काढायचा, दर थोड्या वेळाने रिलीफ व्हॉल्व्ह ओढून दाब सोडायचा, परत थांबायचं, एक-दोन दिवस हाच उद्योग. अजून पहिला ग्लास भरला नसताना हे कोण करणार.

आता फेस.

१२ पीएसआयने ढकललेली बिअर थेट तोटीतून बाहेर पडली तर ती उसळून नुसता फेस होईल, म्हणून मधल्या नळीने तिचा वेग खायचा असतो. नळी बारीक आणि लांब तेवढा विरोध जास्त. चौकटीवरची तोटी केगच्या मध्यापेक्षा जेवढी उंच तेवढाही थोडा दाब खर्च होतो, मीटरमागे साधारण १.४ पीएसआय. नेहमीची पारदर्शक व्हिनाइलची नळी, आतला व्यास ४.८ मिलीमीटर, तिचा विरोध पुस्तकात फुटाला ३ पीएसआय देतात, म्हणजे १२ साठी चार फूट, सव्वा मीटर. हा हिशोब कागदावर बरोबर आहे आणि तो बारच्या वेगाचा आहे, मिनिटाला एक गॅलन म्हणजे ३.८ लिटर, आठ सेकंदांत अर्ध्या लिटरचा ग्लास. बारमध्ये तोटी सारखी चालू असते, सगळं गार असतं, ओतणारा सराईत असतो. घरी तोटी तासातून एकदा उघडते. घरी तीन मीटर घ्या. लांब झाली तर काय होईल, ग्लास भरायला चार सेकंद जास्त लागतील, कुठे गाडी चुकतेय. आणि लांब नळी कापून आखूड करता येते, आखूड लांब करता येत नाही. हल्ली ४ मिलीमीटरच्या आतल्या व्यासाच्या बॅरिअर नळ्या मिळतात, त्या बाहेरचा ऑक्सिजन आत येऊ देत नाहीत आणि प्लॅस्टिकचा वास लागत नाही, बारीक असल्यामुळे त्या कमी लांबीत तेवढंच काम करतात. मी त्या नंतर लावल्या. सुरुवातीला व्हिनाइलच होती आणि एका अर्थी बरंच झालं, कारण तिच्या आरपार दिसतं.

तर तीन मीटर नळी, १२ पीएसआय, कंट्रोलरवर ३ अंश, सगळं हिशोबात. पहिला ग्लास, निम्म्याच्या वर फेस. लगेच दुसरा भरला, फेस बराच कमी. तिसरा एकदम व्यवस्थित, दोन बोटं फेस, वर टिकणारा. अर्ध्या तासाने परत पहिला ग्लास फेसाचा. मेहुणा शेजारी उभा, तो म्हणाला दाब कमी करून बघा ना भावजी. हेच ते. सगळ्यांना हेच सुचतं. पण दाब जास्त असता तर तिन्ही ग्लास सारखेच बिघडले असते ना. पहिला वाईट आणि तिसरा चांगला याचा अर्थ पहिल्या ग्लासातली बिअर कुठेतरी वेगळ्या ठिकाणी थांबलेली होती.

थर्मामीटर घेतला. पहिल्या ग्लासात ९ अंश, दुसऱ्यात ५, केगला चिकटवलेला सेन्सर ३. मग झाकण उघडून टॉर्च मारला. नळीची वेटोळी वर चौकटीजवळ टांगलेली, आणि तिच्या प्रत्येक वळणाच्या माथ्यावर बोटभर रिकामी जागा, बिअर नाहीच तिथे, नुसता गॅस. वेटोळ्याच्या खालच्या भागात बिअर भरलेली आणि कडेने बारीक बुडबुडे तुटून वर चढतायत. म्हणजे ३ अंशाला १२ पीएसआयवर मुरवलेली बिअर वर येऊन ८-९ अंशाच्या हवेत बसली होती, तिथे तेवढा गॅस धरून ठेवायला १६ लागतात आणि तिला मिळतायत १२, मग जास्तीचा गॅस नळीतच बाहेर पडणार. तोटी उघडली की आधी तो गॅसचा तुकडा सूं करत येतो, मागून बिअर त्याच्यावर आपटते, झाला फेस. यात दाब कमी केला असता तर नळीत अजून गॅस सुटला असता, फेस वाढला असता, आणि वर आठवड्याभरात केगमधली बिअर पण मवाळ झाली असती. लोक नेमकं इथेच फिरत राहतात, दाब कमी, फेस वाढला, अजून कमी, शेवटी बिअर सपक आणि ग्लास फेसाने भरलेला.

आडव्या फ्रीझरमध्ये थंड हवा तळाला बसते आणि वरचा थर गरम राहतो, झाकणाजवळ आणि बुडाशी पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो. उपाय साधा निघाला. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा तळाशी ठेवला, हवा वर फेकणारा, दिवसरात्र चालू. नळ्यांची वेटोळी खाली केगच्या खांद्यावर ठेवून टेपने बांधली, वर फक्त शेवटचा तुकडा. दुसऱ्या दिवशी पहिल्या ग्लासात ५ अंश. फेस आता पहिल्या ग्लासाला किंचित जास्त असतो, तो तोटीच्या धातूमुळे, ती बाहेर खोलीच्या तापमानाला असते, तिला काही करता येत नाही. ज्यांच्याकडे टॉवर आहे, म्हणजे फ्रिजच्या वर उभा खांब, त्यांना हाच त्रास दुप्पट होतो कारण अख्खा खांब बाहेर असतो, त्यात पंख्याने एका पाइपातून थंड हवा वर सोडावी लागते.

फेसाची बाकी कारणं पटापट सांगतो. नुकताच उचलून आणलेला, हलवलेला किंवा कोमट केग, त्याला एक दिवस तरी थंडीत गप बसू द्या. डीप फ्रीझरमध्ये गोठवलेला ग्लास, दिसायला झकास पण बर्फाच्या कणांवर गॅस सुटतो, त्यापेक्षा थंड पाण्याने विसळलेला ग्लास बरा. आणि अर्धी उघडलेली तोटी. पाहुणे तोटी हळूच, भीत भीत उघडतात, अर्धी तोटी म्हणजे आत अरुंद फट आणि तिथे बिअर फाटते. तोटी एका झटक्यात पूर्ण उघडायची, ग्लास ४५ अंशात तिरका, तोटीचं तोंड बिअरमध्ये बुडवायचं नाही. मेहुण्याला हे कितीदा सांगितलं तरी तो हळूच उघडतो आणि वर सिस्टीमलाच नावं ठेवतो. उलटा प्रकार पण होतो, फेस टिकतच नाही, तेव्हा ग्लास बघा, भांड्यांच्या साबणाचा किंवा तेलकट बोटांचा थर असला की फेस मिनिटात बसतो.

तोटी घेताना मात्र विचार करा. जुन्या धाटणीच्या तोटीत व्हॉल्व्ह मागे असतो, ग्लास भरल्यावर पुढच्या पोकळीत बिअर चिकटून राहते, वाळते, आणि घरी दोन दिवस तोटी उघडली नाही तर दांडाच चिकटून बसतो, चिलटं येतात ती वेगळीच. पुढे बंद होणारी तोटी घ्या, तिच्यात आत हवाच लागत नाही. आणि स्टीलची. क्रोमचा मुलामा दिलेली पितळेची मुलामा झिजला की चव देते.

सफाईबद्दल कुणाला ऐकायचं नसतं तरी लिहितो. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस आहे, दर दोन आठवड्यांनी लाइन कॉस्टिक क्लीनरने धुवा, निदान १५ मिनिटं फिरवून, आणि दर तीन महिन्यांनी ॲसिडने. कॉस्टिक यीस्ट, प्रथिनं वगैरे काढतं, पण बिअर स्टोन म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचा थर त्याला निघत नाही, त्याला ॲसिडच लागतं. मी घरी दर केग संपला की धुतो आणि केग फार दिवस चालला तर मध्ये एकदा. हातमोजे आणि चष्मा घालून, कॉस्टिक कातडीला लागलं की निसरडं लागतं ते उगाच नाही. एका रिकाम्या केगमध्ये क्लीनर भरून गॅसनेच तोटीपर्यंत ढकलतो, थांबवतो, परत ढकलतो, मग साधं पाणी भरपूर, मग सॅनिटायझर. तोटी खोलून वेगळी घासायची. धुतलं नाही तर आधी लोण्यासारखा वास येतो, मग आंबट, आणि आपण बॅचला दोष देत बसतो.

दुसऱ्या तोटीवर स्टाउट म्हणजे काळी बिअर लावायचा विचार होता पण त्याला नायट्रोजन मिसळलेला गॅस, वेगळा सिलिंडर, वेगळा रेग्युलेटर, ३० पीएसआयच्या वरचा दाब आणि आत बारीक भोकांची चकती असलेली तोटी, एवढा पसारा नको वाटला. सध्या तिथे सोडा आहे, नुसतं गार पाणी केगमध्ये आणि गॅस, आणि खरं सांगायचं तर घरात बिअरपेक्षा तीच तोटी जास्त चालते. सोड्याला चरचरीतपणा हवा तर ३० पीएसआय तरी लागतो आणि त्याला नळी पण सात-आठ मीटर, शिवाय दोन वेगळे दाब हवेत तर दुसरा रेग्युलेटर. तो अजून घेतलेला नाही, दोन्ही केग एकाच १२ वर चालतात, त्यामुळे सोडा जरा मवाळ येतो. पुढच्या वेळी गॅस भरायला जाईन तेव्हा दुसरा रेग्युलेटर घेऊन येईन, नळी आणून ठेवलीच आहे.